डीबीएस आणि पार्किन्सन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्किन्सन्स असलेल्या घरात डीबीएसचं नाव बहुतेक वेळा एखाद्या व्हिडिओमुळे येतं. थरथरणारा हात दिसतो, बटण दाबलं जातं, हात शांत होतो. व्हिडिओ खोटा नसतो. पण त्यावरून आपल्या माणसाचं काय होईल हे कळत नाही, आणि अर्धवट माहितीवर काही जण नको तेव्हा ऑपरेशनला तयार होतात, तर काही जण योग्य वेळ घालवून बसतात. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीचं मला जास्त वाईट वाटतं. रुग्ण आणि घरची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

डीबीएस म्हणजे नेमकं काय बसवतात?

डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूच्या खोल भागाला विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी दिलेलं उद्दीपन. यात तीन भाग असतात. पहिला, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची इलेक्ट्रोडची तार. तिच्या टोकाशी चार किंवा आठ धातूचे संपर्कबिंदू असतात आणि ती कवटीला पाडलेल्या छोट्या छिद्रातून मेंदूत जाते. दुसरा, कातडीखालून कानामागून मानेपर्यंत आणि तिथून छातीपर्यंत उतरणारी जोडतार. तिसरा, गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवलेलं स्पंदक यंत्र. यालाच सगळे बॅटरी म्हणतात. बाहेरून काहीच लोंबत नाही. सडपातळ माणसाच्या छातीवर थोडासा उंचवटा दिसतो, इतकंच.

बहुतेक रुग्णांमध्ये यंत्र सेकंदाला १३०च्या आसपास स्पंदनं पाठवतं. एकेक स्पंदन साधारण ६० मायक्रोसेकंदांचं असतं आणि प्रवाह काही मिलिअँपिअर. एकदा नीट लावून घेतल्यावर रुग्णाला त्यातलं काहीही जाणवत नाही.

म्हणजे शॉक ट्रीटमेंटच का?

नाही. मानसोपचारातल्या शॉकमध्ये भूल देऊन डोक्याच्या बाहेरून काही सेकंद वीज देतात आणि ठरवून फीट आणतात. डीबीएसमध्ये फीट आणायची नसते. वीज आतल्या काही मिलिमीटरच्या जागेपुरती असते आणि ती दिवसरात्र चालू राहते.

विजेने पार्किन्सन्समध्ये फायदा होतोच कसा? डोपामिन तर विजेने तयार होत नाही.

बरोबर, होत नाही. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हाताला कंप किंवा चालण्यात संथपणा दिसू लागतो तोवर त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. या पेशी डीबीएसने परत येत नाहीत. पण डोपामिन कमी झाल्यावर पुढे जे बिघडतं, त्यावर वीज काम करते.

हालचाल सुरू करणं, थांबवणं, तिचा वेग ठरवणं हे मेंदूतल्या काही केंद्रांच्या साखळीचं काम आहे. डोपामिन असेल तेव्हा या केंद्रांमधल्या पेशी आपापल्या कामाप्रमाणे वेगवेगळ्या वेळी संदेश सोडतात. डोपामिन कमी झालं की त्यातल्या फार मोठ्या संख्येने पेशी एकाच ठेक्यात अडकतात. सेकंदाला साधारण १३ ते ३० आवर्तनांचा हा ठेका असतो, त्याला बीटा लय म्हणतात. सभागृहात सगळे एकाच तालात टाळ्या वाजवू लागले की शेजारच्याचं बोलणं कानावर पडत नाही, तसंच काहीसं इथे होतं: हालचालीचा खरा संदेश त्या एकसुरी ठेक्यात बुडतो. माणसाला उठायचं असतं, पण पाय उचलत नाही. बोटं जवळ आणून उघडझाप करायला सांगितली तर पहिल्या दोन-तीन वेळा नीट होते आणि मग बोटांमधलं अंतर कमी कमी होत जातं.

सेकंदाला १३० वेळा येणारी स्पंदनं हा ठेका मोडतात. ज्या रुग्णांमध्ये बीटा लय जितकी जास्त दबते, तितका ताठरपणा आणि संथपणा कमी झालेला दिसतो. वीज पेशींना गप्प करते असं आधी वाटत असे. आता चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे: काही पेशी दबतात, जवळून जाणारे मज्जातंतू उलट उत्तेजित होतात, आणि एकूण परिणाम म्हणून बिघडलेला संदेश पुढे पोचत नाही.

हे कुणी शोधलं?

फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरातले न्यूरोसर्जन आलिम-लुई बेनाबिद यांनी, १९८७ साली. त्या काळी कंप थांबवण्यासाठी थॅलॅमस या भागातला छोटासा तुकडा जाळून टाकत. जाळण्याआधी आपण योग्य जागी आहोत ना, हे बघायला त्या ठिकाणी थोडी वीज सोडून पाहायची पद्धत होती. वीज सेकंदाला १०० आवर्तनांच्या आसपास नेली की कंप थांबतो आणि बंद केली की परत येतो, हे बेनाबिद यांच्या लक्षात आलं. मग जाळायचं कशाला, तिथेच तार ठेवून वीज चालू ठेवली तर? त्यांनी आणि न्यूरोलॉजिस्ट पिएर पोलाक यांनी तेच केलं.

दुसरा धागा अमेरिकेतून आला. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण मुलं जवळजवळ एका रात्रीत पुतळ्यासारखी ताठर झाली. त्यांनी घेतलेल्या बनावट हेरॉईनमध्ये एमपीटीपी नावाची अशुद्धी होती आणि तिने नेमक्या डोपामिनच्या पेशी मारल्या होत्या. त्या दुर्दैवी घटनेतून पार्किन्सन्सचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची वाट सापडली. मालन डिलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवलं, की एमपीटीपी दिलेल्या माकडांमध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लिअस हे इवलंसं केंद्र निकामी केलं तर हालचाल परत येते. त्या केंद्राला तोवर कुणी हात लावत नव्हतं. १९९३ साली ग्रेनोबलच्या चमूने माणसात तिथेच इलेक्ट्रोड बसवला. अमेरिकेत १९९७ साली कंपासाठी आणि २००२ साली पार्किन्सन्सच्या इतर लक्षणांसाठी या उपचाराला मान्यता मिळाली. बेनाबिद आणि डिलाँग यांना २०१४ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

ऑपरेशनने आजार बरा होतो का? निदान थांबतो का?

दोन्ही नाही. यंत्र बंद केलं की लक्षणं परत येतात. आजार आतून आपल्या गतीने पुढे जात राहतो, आणि डीबीएसने ती गती कमी होते असं आजवर सिद्ध झालेलं नाही.

मग नेमकं काय सुधारतं?

या पानावरचा एकच प्रश्न नीट वाचायचा असेल तर हा वाचा.

डोपामिनची उणीव भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी सुरुवातीची काही वर्षं दिवसभर साथ देते. पुढे तिचा असर तीन तासांवर, दोन तासांवर येतो. गोळी लागू असतानाचा काळ म्हणजे ‘ऑन’, उतरल्यानंतरचा ‘ऑफ’. ऑनमध्ये कधी कधी अंग आपोआप वळवळतं, मान डोलते, पाय हलत राहतात, त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. थोडक्यात, गोळी कमी पडली तर माणूस अडकतो आणि जास्त झाली तर अंग थांबत नाही. मधला चांगला काळ दिवसेंदिवस अरुंद होत जातो.

डीबीएस हा मधला काळ रुंद करतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २५५ रुग्ण होते. सहा महिन्यांनी डीबीएस केलेल्यांना दिवसाला सरासरी ४.६ तास जास्त चांगले मिळाले, म्हणजे ऑनचे आणि त्रासदायक वळवळ नसलेले. फक्त औषधोपचार चालू असलेल्यांच्या तासांत वाढ झाली नाही. साडेचार तास वाचायला किरकोळ वाटतात. पण ज्या माणसाला आंघोळ, जेवण आणि फिरणं हे सगळं दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात बसवावं लागतं, त्याला विचारा.

यातून एक साधा नियम निघतो आणि जगभरचे डॉक्टर तो वापरतात: दिवसातल्या सगळ्यात चांगल्या तासात, गोळी पूर्ण लागू असताना, तुमचा माणूस जे करू शकतो ते डीबीएसमुळे दिवसाचा बराच काळ करता येण्याची शक्यता असते. त्या सर्वोत्तम तासातही जे जमत नाही, ते डीबीएसने जमेल अशी अपेक्षा धरू नये. अपवाद कंपाचा. काही जणांचा कंप गोळ्यांना दाद देत नाही, पण डीबीएसला देतो.

हाच नियम उलटा लावला की काय सुधारत नाही तेही कळतं. गोळी लागू असतानाही होणारं तोल जाणं, पडणं, पाय जमिनीला चिकटणं. अस्पष्ट, पुटपुटल्यासारखं झालेलं बोलणं. गिळायला त्रास. विसरभोळेपणा आणि गोंधळ. बद्धकोष्ठता, उभं राहताना रक्तदाब घसरणं. यातलं बोलणं तर काही जणांमध्ये डीबीएसनंतर आणखी बिघडतं.

आमचा आग्रह असतो की ऑपरेशनचा विचार सुरू करण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. तासातासाला फक्त चार शब्दांपैकी एक लिहायचा: ऑन, ऑफ, वळवळ, झोप. डॉक्टरांना ही वही कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त सांगते आणि घरच्यांनाही बऱ्याचदा पहिल्यांदाच कळतं की दिवस नेमका कुठे जातो.

कुणासाठी योग्य, हे डॉक्टर कसं ठरवतात?

निदान पक्कं असावं लागतं. पार्किन्सन्ससारखे दिसणारे काही आजार आहेत, मल्टिपल सिस्टिम अॅट्रोफी किंवा प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. त्यांत डीबीएसचा उपयोग होत नाही. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत ते ओळखू येतीलच असं नाही, म्हणून आजाराला किमान चार-पाच वर्षं झालेली असावीत असा सर्वसाधारण संकेत आहे.

त्यानंतरची लेव्होडोपा चाचणी फार महत्त्वाची. आदल्या रात्रीपासून, साधारण बारा तास, पार्किन्सन्सची औषधं बंद ठेवून रुग्णाला सकाळी बोलावतात. त्या अवस्थेत तपासणी होते: बोटांची उघडझाप, मुठीची उघडझाप, टाच आपटणं, हाताची घडी घालून खुर्चीतून उठणं, मार्गिकेत चालून वळणं. प्रत्येकाला गुण देतात. मग नेहमीच्या सकाळच्या डोसपेक्षा थोडा मोठा डोस देऊन तासाभराने हीच तपासणी पुन्हा करतात. दोन्हींत साधारण ३० टक्के किंवा त्याहून जास्त फरक पडला तर डीबीएसचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. ही सकाळ घरच्यांसाठी कठीण असते. एरवी गोळीच्या आडोशाला असलेला आजार त्या खोलीत उघडा दिसतो. शक्य असेल तर दोघांनी सोबत जावं.

याशिवाय एमआरआय, स्मरणशक्ती आणि विचारक्षमतेच्या चाचण्या आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट होते. ‘आमच्या माणसाच्या डोक्यात काही बिघाड नाही’ म्हणून ही भेट टाळू नका. तिचं कारण पुढे स्वभावाच्या प्रश्नात येईल.

अजून गोळ्या थोडंफार काम करतात. अगदीच काही चालेनासं झालं की करू, असं चालेल का?

हा विचार फार नैसर्गिक आहे, पण त्यात मोठा तोटा आहे. गोळीला चांगला प्रतिसाद आहे, फक्त तो टिकत नाही, हीच डीबीएसची वेळ. गोळी पूर्णच चालेनाशी झाली, तोल गेला, स्मरणशक्ती ढासळली की ऑपरेशनने मिळवण्यासारखं फार थोडं उरतं.

जर्मनी आणि फ्रान्समध्ये झालेल्या अर्लीस्टिम अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली आले. त्यात २५१ रुग्ण होते, सरासरी वय ५२, आजाराला सरासरी साडेसात वर्षं झालेली आणि गोळ्यांचे चढउतार नुकतेच सुरू झालेले. दोन वर्षांनी डीबीएस आणि औषधं दोन्ही घेणाऱ्या गटाच्या जीवनमानात २६ टक्के सुधारणा होती. फक्त औषधं घेणाऱ्यांचं जीवनमान एक टक्का खाली आलं होतं. म्हणून उद्याच ऑपरेशन करा असं कुणी म्हणत नाही. पण दिवसाला पाच-सहा वेळा गोळ्या घ्याव्या लागत असतील आणि तरीही रोज दोन-तीन तास ऑफमध्ये किंवा त्रासदायक वळवळीत जात असतील, तर निदान पात्रतेची तपासणी तरी करून घ्या. तपासणी केली म्हणून ऑपरेशनचं बंधन येत नाही.

वय ७४ आहे. चालेल?

वयाची काटेकोर रेषा नाही. सत्तरीनंतर धोका वाढतो आणि फायदा कमी होत जातो, म्हणून बरीच केंद्रं ७० ते ७५च्या पुढे फार सावधपणे विचार करतात. हृदय, रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधं आणि मुख्य म्हणजे स्मरणशक्ती, यांना आकड्यापेक्षा जास्त वजन असतं.

कुणी करूच नये?

स्मृतिभ्रंश सुरू झालेला असेल, उपचार न झालेलं तीव्र नैराश्य असेल, भास चालू असतील, किंवा मोठ्या ऑपरेशनला शरीर साथ देणार नसेल, तर नाही. ज्यांच्या घरी नंतरच्या फेऱ्यांना सोबत येणारं कुणीच नाही त्यांनीही आधी ती सोय बघावी.

ऑपरेशन जागेपणी करतात हे खरं? दुखत नाही?

पुष्कळ ठिकाणी खरं आहे. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. कातडी आणि कवटीच्या आवरणाला जाणवते, तिथे बधिर करतात. त्या दिवशी औषधं बंद असल्यामुळे अंग ताठरलेलं असतं, डोकं धातूच्या चौकटीत पक्कं बसवलेलं असतं आणि काही तास एकाच स्थितीत पडून राहावं लागतं. रुग्णांना ड्रिलच्या आवाजापेक्षा याचाच त्रास जास्त होतो, आणि हे त्यांना आधी सांगितलेलं असणं गरजेचं आहे.

जागं ठेवण्यामागे कारण आहे. एमआरआय आणि सीटी स्कॅन जुळवून संगणकावर मार्ग आखतात, मग केसाएवढी बारीक सूक्ष्म तार त्या मार्गाने हळूहळू आत नेतात. पेशींची विद्युत कुजबुज स्पीकरवर ऐकू येते. एका भागात जवळजवळ शांतता, मग सबथॅलॅमिक न्यूक्लिअसमध्ये शिरताच दाट, खरखरीत गर्दीचा आवाज, आणि बाहेर पडलं की पुन्हा बदल. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचं हे केंद्र आवाजावरून सापडतं. मग चाचणीपुरती वीज सोडून मनगट वाकवून बघतात, रुग्णाशी बोलतात, हाताला मुंग्या येतात का, जीभ जड होते का, विचारतात.

पूर्ण भुलेखालीही आता हे ऑपरेशन होतं. नेदरलँड्समध्ये ११० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जागेपणी आणि भुलेखाली केलेल्या ऑपरेशनच्या परिणामांत महत्त्वाचा फरक दिसला नाही. फार घाबरणाऱ्या माणसाने नुसत्या या भीतीपोटी पाऊल मागे घेऊ नये.

इलेक्ट्रोड नेमका कुठे ठेवतात?

पार्किन्सन्ससाठी मुख्य जागा दोन, सबथॅलॅमिक न्यूक्लिअस आणि ग्लोबस पॅलिडस इंटर्ना. हालचालीतली सुधारणा दोन्हींत सारखीच. पहिल्या जागेमुळे गोळ्या जास्त कमी करता येतात, दुसरी जागा वळवळ थेट दाबते आणि मन:स्थितीच्या दृष्टीने थोडी सौम्य मानली जाते. नुसता कंपच असेल तर थॅलॅमस. निवड सर्जनवर सोडा, पण ‘आमच्यासाठी हीच जागा का’ हे जरूर विचारा.

धोके कोणते?

सगळ्यात गंभीर म्हणजे मेंदूत रक्तस्राव. शंभरात एक ते तीन जणांमध्ये तो होतो. काहींमध्ये तो फक्त स्कॅनवर दिसतो, काहींमध्ये अर्धांगवायू किंवा मृत्यूही ओढवू शकतो. दुसरा जंतुसंसर्ग, शंभरात काही जणांना होतो आणि कधी कधी बसवलेला भाग काढून घ्यावा लागतो. तार तुटणं, सरकणं, टोक हवं तिथून मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाजूला पडणं हेही होतं. इतक्या लहान जागेत तेवढा फरकही जाणवतो. ऑपरेशननंतर काही दिवस गोंधळल्यासारखं होणं सामान्य आहे, ते बहुधा ओसरतं.

विजेमुळे होणारे त्रास वेगळे: बोलणं अडखळणं, मुंग्या, स्नायू आखडणं, तोल बिघडणं. यातले बरेचसे सेटिंग बदलून कमी करता येतात.

ऑपरेशन झालं की लगेच फरक पडतो का?

इथेच फसगत होते. बऱ्याच जणांना ऑपरेशननंतर यंत्र चालू न करताही काही दिवस छान वाटतं, कारण तार आत जाताना त्या जागेला झालेल्या सूक्ष्म इजेचा आणि सुजेचा परिणाम तात्पुरता उपचारासारखाच असतो. दोन-तीन आठवड्यांत तो उतरतो, लक्षणं परत येतात आणि घरात रडारड होते, ‘ऑपरेशन फसलं’. फसलेलं नसतं. यंत्र अजून सुरूच झालेलं नसतं.

काही आठवड्यांनी प्रोग्रॅमिंगची पहिली भेट ठरते. रुग्ण पुन्हा औषध न घेता येतो. डॉक्टर टॅबलेटवरून एक संपर्कबिंदू निवडतात आणि प्रवाह थोडा थोडा वाढवत नेतात. दुसऱ्या हाताने रुग्णाचं मनगट हळूहळू फिरवत ताठरपणा कुठे सुटतो ते जोखतात. मनगट सुटतं तो आकडा टिपतात. आणखी वाढवलं की कुठेतरी हाताला मुंग्या येतात, ओठाचा कोपरा ओढला जातो किंवा ‘कमल, कागद, खिडकी’ म्हणताना जीभ अडखळते. तो दुसरा आकडा. या दोन आकड्यांमधली फट हीच कामाची जागा. मग पुढचा बिंदू, तीच पद्धत. दोन्ही बाजूंचं मिळून यात सकाळ सहज जाते.

त्यानंतर तीन ते सहा महिने फेऱ्या चालतात, वीज वाढते, गोळ्या कमी होतात. उत्तम बसवलेला इलेक्ट्रोड निष्काळजी प्रोग्रॅमिंगने वाया जाऊ शकतो. ऑपरेशन एका दिवसाचं असतं आणि त्याचं श्रेय सगळ्यांना दिसतं. रुग्णाचं पुढचं आयुष्य मात्र या शांत खोलीतल्या चिकाटीवर उभं राहतं, आणि म्हणून प्रोग्रॅमिंग करणाऱ्या डॉक्टर आणि नर्सबद्दल मला अपार आदर आहे.

गोळ्या सुटतात का?

पूर्ण सुटल्या अशी उदाहरणं थोडी. सबथॅलॅमिक न्यूक्लिअसमध्ये इलेक्ट्रोड असेल तर औषधं साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होतात. आपल्या मनाने कमी करू नका. घाईने औषध तोडलं तर माणूस निरिच्छ, उदास होतो, कशातच रस राहत नाही.

स्वभाव बदलतो का?

बदलू शकतो, आणि हे आधी बोललंच पाहिजे. ज्या केंद्रात आपण वीज सोडतो त्यातून हालचालीच्या तारांसोबत भावना आणि आवेगांच्या तारांचाही संबंध येतो. काही जण पहिल्या काही आठवड्यांत अतिउत्साही होतात, खूप बोलतात, वारेमाप खर्च करतात, चटकन चिडतात. काही जण उलट खचतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात आत्महत्येच्या विचारांकडे खास लक्ष ठेवावं लागतं, विशेषतः आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांची आधीची भेट. ‘अंग सुधारलं, मग तोंड पाडून का बसलाय’ असं म्हणू नका. थेट फोन करून डॉक्टरांना सांगा. सेटिंग किंवा औषधात बदल करून यातलं बरंच सावरता येतं.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. इतकी वर्षं जोडीदार सेवेकरी झालेला असतो. रुग्ण अचानक स्वतःचं स्वतः करायला लागतो, आणि दोघांनाही नव्या नात्यात बसायला वेळ लागतो. हे बिघडणं नव्हे, पण त्याची तयारी असलेली बरी.

बॅटरी किती वर्षं चालते?

चार्ज न होणारी साधारण तीन ते पाच वर्षं. ती बदलायला मेंदूला हात लावावा लागत नाही, छातीवरचं छोटं ऑपरेशन पुरतं. चार्ज होणारी पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त, पण नियमित चार्ज करण्याची शिस्त हवी. घरी कुणी बघणारं नसेल आणि विसराळूपणा असेल तर पहिलीच बरी. बॅटरीची पातळी रुग्णाच्या रिमोटवर दिसते, महिन्यातून एकदा तरी बघा. बरीच वर्षं चाललेलं यंत्र अचानक बंद पडलं तर माणूस काही तासांत पूर्ण ताठर होऊ शकतो, गिळणं बंद होऊ शकतं. ती तातडीची अवस्था समजून थेट रुग्णालय गाठा.

घरच्यांनी एक गोष्ट मनात नोंदवून ठेवावी: दहनापूर्वी छातीतलं यंत्र काढावं लागतं, उष्णतेने ते फुटू शकतं.

रोजच्या जगण्यात काय जपायचं?

फिजिओथेरपीत शेक देण्यासाठी वापरतात ती डायाथर्मी कधीही घेऊ नका, शरीराच्या कुठल्याच भागाला. तिची ऊर्जा तारेतून इलेक्ट्रोडपर्यंत जाऊन मेंदूच्या ऊतींना इजा करते. यात जीव जाऊ शकतो. एमआरआय करण्याआधी यंत्राचं मॉडेल सांगून ठराविक अटींतच तो करावा. कुठल्याही ऑपरेशनआधी, दातांच्या उपचाराआधीसुद्धा, यंत्राबद्दल सांगा. विमानतळावर यंत्राचं ओळखपत्र दाखवा. मोबाइल, टीव्ही, मिक्सर यांची चिंता नको.

पोहण्याबद्दल मात्र सावध. झुरिकच्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळे आधी उत्तम पोहणारे, डीबीएसनंतर चालणं-फिरणं सुधारलेलं, पण पाण्यात उतरल्यावर हातपायांचा मेळच बसेना. एकाला तर बुडताना वाचवावं लागलं. काहींनी यंत्र बंद केल्यावर पोहणं लगेच परत आलं. तेव्हा पट्टीचा पोहणारा असला तरी एकट्याने खोल पाण्यात उतरू नये.

काही वर्षांनी असर जातो का?

विजेचा असर बराच टिकतो. ग्रेनोबलच्या गटाने २००३ साली पाच वर्षांचा पाठपुरावा मांडला. औषध न घेतलेल्या अवस्थेतल्या हालचालींत ऑपरेशनपूर्वीच्या तुलनेत तेव्हाही ५४ टक्के सुधारणा होती. बोलणं मात्र सुधारलं नव्हतं. कंप आणि ताठरपणा ताब्यात राहतात, आणि विजेला न जुमानणारी लक्षणं, म्हणजे तोल, बोलणं, स्मरण, आजारासोबत पुढे सरकतात. सहाव्या-सातव्या वर्षी ‘मशीन काम करत नाही’ असं वाटतं तेव्हा बहुधा हे झालेलं असतं. तरी एकदा सेटिंग तपासून घ्यावं.

ऑपरेशन नकोच असेल तर?

त्वचेखाली अॅपोमॉर्फिन हे डोपामिनसारखं काम करणारं औषध सोडणारा पंप आहे, लेव्होडोपाचं जेल थेट लहान आतड्यात सोडणारा पंप आहे. कवटी न उघडता एकवटलेल्या अल्ट्रासाऊंडने मेंदूतला छोटा बिंदू जाळण्याची पद्धतही आहे, पण जाळलेलं परत जुळत नाही, डीबीएस बंद करता येतं. बाहेरून चुंबकीय किंवा सौम्य विद्युत उद्दीपन देण्यावर संशोधन चालू आहे, मात्र पार्किन्सन्सच्या हालचालींसाठी ते डीबीएसची जागा घेऊ शकत नाही. घरी डोक्याला लावायच्या टोप्या आणि पट्ट्यांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

स्वतःच वीज कमी-जास्त करणारं यंत्र आलंय म्हणे?

आलंय. अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. इलेक्ट्रोड मेंदूतली बीटा लय ऐकतो आणि तिच्या चढउताराप्रमाणे प्रवाह बदलतो. त्यामुळे गोळी लागू असताना वीज कमी लागते, उतरली की वाढते. दिशा आशादायक आहे. पण यासाठी दोन-चार वर्षं थांबून आजची योग्य वेळ घालवू नका. नव्या पिढीच्या काही यंत्रांमध्ये ही सोय नंतर सॉफ्टवेअरने चालू करता येते, तेव्हा बसवण्याआधीच विचारून ठेवा.

रुग्णालय ठरवताना काय विचारायचं?

वर्षाला पार्किन्सन्सची किती डीबीएस ऑपरेशनं होतात. रक्तस्राव आणि संसर्गाचं त्यांचं स्वतःचं प्रमाण किती. हालचालींच्या विकारांचे न्यूरोलॉजिस्ट, सर्जन आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात का. आजवर किती जणांना त्यांनी ‘तुमच्यासाठी नको’ असं सांगितलं, हेही विचारा. ज्यांनी कुणालाच नकार दिलेला नाही, त्यांच्याकडे जाण्याआधी दुसरं मत घ्या. आणि सगळ्यात आधी हे विचारा, की प्रोग्रॅमिंग कोण करणार, पहिल्या सहा महिन्यांत किती भेटी मिळणार, आणि रविवारी रात्री माणूस ताठर झाला तर फोन कुणाला लावायचा.